कुत्र्याच्या जेवणाचा लाकडी स्टँड घरी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात कुत्रा पाळणारे आणि सुट्टीच्या दिवशी हौसेने करवत हातात घेणारे जे जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. मापं इंच आणि सुतात दिली आहेत, कारण वखारीत तीच चालतात. आठ सूत म्हणजे एक इंच.

कुत्र्याला स्टँड खरंच लागतो का?

प्रत्येकाला नाही. धडधाकट, तरुण कुत्रा जमिनीवरच्या भांड्यातून मजेत खातो आणि त्याने त्याचं काही बिघडत नाही. स्टँडचा खरा उपयोग म्हाताऱ्या कुत्र्याला. मान, कोपर किंवा पाठ दुखत असली की तो खाता खाता मध्येच थांबतो, पुढचे पाय फाकवतो, कधी चक्क बसून खातो. अशा कुत्र्याचं भांडं थोडं वर आलं की फरक लगेच दिसतो.

बाकी घरांत स्टँड निम्मा मालकासाठीच असतो, हे मान्य करून टाकलेलं बरं. रिकामं स्टीलचं भांडं शहाबादी फरशीवरून घरभर ढकलत नेण्याचा तो आवाज, सांडलेलं पाणी, मुंग्या, रात्री अंधारात भांड्याला लागणारा पाय. एवढ्यासाठी स्टँड हवा असेल तर जरूर करा, पण मग तो उंच कशाला हवा? बुटका करा, रुंद करा, जड करा.

मित्रमंडळी "कुत्र्याला टेबल करायलास काय बे?" म्हणून हसणारच. हसू द्या.

उंच भांड्यातून खाल्लं की पोट फुगत नाही, असं ऐकलंय. खरं आहे का?

या समजुतीवर विसंबून उंच स्टँड करू नका. कुत्र्याचं जठर हवेने फुगतं आणि स्वतःभोवती पीळ घेतं, तेव्हा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांचा मोठ्या आणि महाकाय जातींवरचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात उंचावरच्या भांड्याचा आणि या आजाराचा संबंध आढळला, पण लोक समजतात त्याच्या उलट: उंच भांड्यातून खाणाऱ्यांना धोका जास्त. नंतरच्या अभ्यासकांचं यावर एकमत नाही. पण उंच भांडं पोट फुगण्यापासून वाचवतं, असं छातीठोकपणे म्हणायला आधार नाही, एवढं नक्की.

ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन अशा खोल छातीच्या कुत्र्यांना हा धोका जास्त असतो. त्यांच्यासाठी उपयोगी पडतात त्या गोष्टी साध्या आहेत: दिवसाचं जेवण एकदाच न देता दोन वेळा विभागून द्यावं, बकाबका खाणाऱ्याचा वेग कमी करावा, आणि जेवल्या जेवल्या पळवू नये.

पोट टम्म झालंय, कुत्रा उलटीसाठी उबळ काढतोय पण बाहेर काही येत नाही, लाळ गळतेय, एका जागी बसवत नाही, असं दिसलं तर ओवा, हिंग, सोडा असले घरगुती उपाय करत बसू नका. रात्र असली तरी थेट पशुवैद्याकडे न्या.

मग उंची किती ठेवायची?

इंटरनेटवर एक सूत्र सापडतं: खांद्याची उंची मोजा आणि त्यातून सहा इंच वजा करा. आपल्याकडच्या गावरान कुत्र्याचा खांदा २० इंचांवर असला तर या सूत्राने भांडं १४ इंचांवर जातं. निरोगी कुत्र्यासाठी मला हे फार वाटतं. माझा हिशेब असा की भांड्याचा काठ पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत, त्याच्यावर नाही. त्याच गावरान कुत्र्याला मग १० इंचांच्या आसपास पुरतात. सांधे आखडलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यासाठी आणखी दोन-तीन इंच चढवायला हरकत नाही, पण तेही डॉक्टरांशी बोलून.

सूत्रापेक्षा विटा भरवशाच्या. बांधकामाची आडवी ठेवलेली वीट साधारण तीन इंच उंच असते. एका विटेवर गोणपाटाचा तुकडा टाकून त्यावर नेहमीचं भांडं ठेवा आणि दोन-चार दिवस कुत्रा खाताना बाजूला बसून बघा. मग दोन विटा. बघायचं ते हे: पुढचे पाय फाकतात का, कोपरं वाकतात का, मान सरळ रेषेत खाली जाते की हनुवटी काठावर टेकवून वरून खावं लागतं, पाणी पिताना तोंडाच्या कडेने गळतं का. पाय फाकले तर भांडं खाली आहे, हनुवटी टेकली तर वर गेलंय. ज्या उंचीला कुत्रा कसलीही कसरत न करता एका जागी उभा राहून भांडं चाटूनपुसून रिकामं करतो, ती उंची जमिनीपासून भांड्याच्या काठापर्यंत मोजून कागदावर लिहा. लाकूड त्यानंतर आणा.

अन्ननलिका सैल पडण्याचा एक आजार असतो. त्यात खाल्लेलं जठरात न उतरता परत येतं. अशा कुत्र्याला जवळजवळ उभं करून भरवावं लागतं आणि नंतरही काही वेळ तसंच ठेवावं लागतं. तिथे हा स्टँड कामाचा नाही. त्यासाठी कुत्र्याला सरळ बसवणारी खुर्ची करतात, आणि तिचं माप डॉक्टरच सांगतील.

आमच्याकडे कारवानी आहे. त्याच्यासाठी वेगळं माप?

कारवानी, म्हणजे कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या नावाने जो ओळखला जातो तो, आपल्या भागात शेतावर पुष्कळ दिसतो. २००५ साली टपाल खात्याने काढलेल्या देशी कुत्र्यांच्या तिकिटांत मुधोळ हाउंडही होता. खांद्याला २६-२८ इंच उंच, पाय लांब, मान लांब, छाती खोल. जमिनीवरचं खाताना तो पाय फाकवतो हे खरं, पण छाती खोल असल्यामुळे वर सांगितलेली काळजीही त्यालाच जास्त घ्यावी लागते. म्हणून इथे मधला रस्ता: १० ते १२ इंच, त्यापुढे नको. पाठीवर हाड लागणारा सडपातळ कुत्रा आहे, तो ढकलून स्टँड पाडणार नाही, पण एकदा का स्टँड डुगडुगला की त्याच्या जवळ फिरकणार नाही. स्वभावाने बुजरा असतो.

पिल्लासाठी आत्ताच करून ठेवू का?

नको. मोठ्या जातीचं पिल्लू दीड-दोन वर्षं वाढत असतं. तोवर विटांवर किंवा पालथ्या परातीवर भागवा. शिवाय दात येताना ते पहिला हल्ला स्टँडच्या पायावरच करणार.

लाकूड कोणतं घ्यावं?

पैसे असतील तर सागवान. पाण्याला टिकतं, वाळवी सहसा लागत नाही, रंध्याखाली गोड चालतं. वखारीत बल्लारशाचं आणि परदेशातून आलेलं असं दोन्ही मिळतं. भावात बराच फरक असतो. या कामाला परदेशी चालतं. लहानसाच तुकडा लागतो, म्हणून अखंड ओंडक्याच्या भावात न पडता वखारीतल्या कापून उरलेल्या तुकड्यांच्या ढिगात आधी हात घाला. सागवानाला अंगचं तेल असतं, त्यामुळे सरस लावण्याआधी जोडाची जागा थिनरच्या फडक्याने पुसून घ्यावी लागते, नाहीतर जोड पुढे सुटतो.

बाभूळ आपल्या जिल्ह्यात हवी तेवढी. बैलगाडी आणि औतांची सामानं पिढ्यानपिढ्या तिचीच होत आली. जड आहे, दाताला दाद देत नाही, आणि या कामात जडपणा हा गुणच. पण ओली बाभूळ आणून लगेच स्टँड केलात तर उन्हाळ्यात तिला बोटभर भेगा पडतील. चांगली वाळलेली मिळाली तरच घ्या, आणि गिरमिटाने आधी भोक पाडल्याशिवाय स्क्रू घालू नका, कड फुटते. कडुनिंबही चालतो, किडा कमी लागतो.

आंबा स्वस्त असतो, पण पाण्याने काळा पडतो आणि भुंगा लागतो. नीलगिरी पिळते. एमडीएफ तर बघूही नका: पाण्याचे चार थेंब आत गेले की पावासारखा फुगतो. प्लायवूड घ्यायचंच असेल तर आयएस ७१० शिक्क्याचं, म्हणजे पाण्याला टिकणारं मरीन प्लाय घ्या आणि कापलेल्या कडा नीट बंद करा. साध्या एमआर प्लायच्या कडा पाण्याने सुटतात.

बागेतल्या कण्हेरीचं लाकूड किंवा काटक्या कुत्र्याच्या कुठल्याही वस्तूला वापरू नका. ते झाड मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे.

एमआयडीसीतून पॅलेटच्या फळ्या स्वस्तात मिळतात. त्या चालतील?

शिक्का बघून. आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीच्या पॅलेटवर गव्हाच्या कणसाचं चिन्ह आणि त्याशेजारी अक्षरं असतात. 'एचटी' असेल तर लाकूड फक्त तापवून कीडमुक्त केलेलं आहे. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेला आहे, ते घरात आणू नका. शिक्काच नसेल तर त्या पॅलेटवर आधी काय ठेवलं होतं हे कळायला मार्ग नाही. यार्न आणि टॉवेलच्या गाठी होत्या की डाइंगची रसायनं होती, कोण सांगणार? तेलकट किंवा रंगाचे डाग पडलेली फळी सोडून द्या. पाइन मऊ असतं, नखाने दाबलं तरी खूण उठते, तेव्हा पाऊण इंचाहून पातळ घेऊ नका.

जुन्या वाड्याच्या दाराचं सागवान पडून आहे. ते वापरलं तर?

लाकूड म्हणून त्याच्याइतकं चांगलं दुसरं नाही. वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, आता ते ना आकसणार ना पिळणार. अडचण त्याच्यावरच्या ऑइल पेंटची आहे. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, आणि ते कोरडं घासलं की धूळ घरभर जाते. लहान मुलं असलेल्या घरात तर हा उद्योग नकोच. रंगवलेलं लाकूड रंधा मशीनवाल्याकडे नेऊन चारही बाजूंनी सोलून आणा, आणि आत गेलेले जुने खिळे त्याला आधी दाखवा, नाहीतर त्याचं पातं जाईल. न रंगवलेली तुळई किंवा फळी असेल तर प्रश्नच नाही.

मध्यम कुत्र्यासाठी मापांसकट कच्चा हिशेब मिळेल का?

दोन भांडी, काठापर्यंत १० इंच उंची, असा धरू.

वरची फळी २२ इंच लांब, ११ इंच रुंद, एक इंच जाड. अकरा इंचांची अखंड फळी महाग पडते आणि वाकडी होण्याची शक्यताही जास्त, म्हणून साडेपाच इंचांच्या दोन फळ्या कडेला कड लावून चिकटवा. पाय चार, दीड बाय दीड इंच, प्रत्येकी नऊ इंच. पायांना जोडणाऱ्या पट्ट्या दोन इंच रुंद, सहा सूत जाड: लांब बाजूच्या दोन १८ इंची, आखूड बाजूच्या दोन सात इंची. पाय फळीच्या कडेपासून अर्धा इंच आत येतील असे बसतात.

सात इंचांची दोन भोकं. दोन्ही टोकांना पावणेतीन इंच, मध्ये अडीच इंच, आणि रुंदीत दोन्हीकडे दोन-दोन इंच लाकूड उरतं. दोन इंचांहून कमी ठेवलंत तर तिथे फळी पुढे-मागे तडकते.

सगळं मिळून जेमतेम पाव घनफूट लाकूड होतं. रंधा आणि कापणीतली तूट धरून घनफुटाचा तिसरा हिस्सा मागा. वखारवाला एवढ्याशा मापाला वैतागतो, म्हणून गर्दीच्या वेळी जाऊ नका.

उंची वाढवाल तर खोलीही वाढवा. स्टँड जेवढा उंच, तेवढा तरी तो पुढून मागे रुंद असायला हवा.

भांड्यासाठी गोल भोक कसं कापायचं? प्रत्येक वेळी भांडं आत तरी पडतं नाहीतर अडकतं.

कारण माप चुकीच्या जागी घेतलं जातं. भांड्याच्या काठाचा बाहेरचा व्यास मोजून भोक केलं की भांडं सरळ खाली जातं. मोजायचा तो काठाच्या लगेच खालचा घेर. तिथे दोरा गुंडाळा, दोरा पट्टीवर मोजा, सातने गुणा आणि बावीसने भागा. घेर २२ इंच आला तर व्यास सात इंच. शाळेतलं हे गणित इथे फार कामाला येतं, कारण पट्टी आडवी धरून गोलाचा मध्य कधीच नीट सापडत नाही.

या सात इंचांत अर्धा सूत वाढवा. ही ढील का, तर लाकूड हलतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी ठणठणीत असते आणि पावसाचा जोर सप्टेंबरात. एवढ्या फरकात अकरा इंचांची फळी रुंदीत सुताभर तरी आकसते-फुगते. लांबीत मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही. म्हणजे सप्टेंबरात कापलेला अचूक गोल मे महिन्यात किंचित अंडाकृती झालेला असतो, आणि स्टीलचं भांडं काही त्याच्याबरोबर आकसत नाही. ते अडकून बसतं, मग रोज धुवायला काढताना हिसके, आणि एक दिवस फळी चिरते.

कापताना मध्यावर लहान चूक ठोका, दोऱ्याला पेन्सिल बांधून गोल काढा, किंवा कंपास असेल तर त्याने. रेषेच्या आत गिरमिटाने एक भोक पाडा, त्यातून जिगसॉचं पातं घाला आणि रेषेच्या आतूनच, रेष शाबूत ठेवून फिरवा. घाई केली की पातं खालच्या बाजूला तिरकं जातं. वरून गोल बरोबर दिसतो आणि खाली बटाटा झालेला असतो. उरलेलं अर्धगोल कानशीने रेषेपर्यंत आणा, भांडं घालून बघा, जिथे घासतं तिथे पेन्सिलीची खूण करा, पुन्हा कानस. शेवटी ८०, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर. वरची धार बोटाने चाचपून गोल करा, कुत्र्याचा गळा तिथे रोज घासणार आहे.

जिगसॉ नसेल तर सुताराकडून एवढी दोन भोकं पाडून आणा. बाकी काम हाताने होतं.

खिळे ठोकले तर चालतील का?

नुसते खिळे सहा महिन्यांत ढिले होतात आणि डोकी वर येतात. पाय-पट्ट्यांना सरस आणि स्क्रू, स्क्रूचं डोकं लाकडात बुडवून वर लाकडाच्या भुशाची लापशी भरा. पांढरा साधा फेव्हिकॉल पाण्याने मऊ पडतो, इथे पाण्याला टिकणारा फेव्हिकॉल मरीन घ्या. वरची फळी मात्र सांगाड्याला चिकटवू नका. पट्टीतून वर येणाऱ्या स्क्रूंची भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट करा, म्हणजे फळीला हलायला वाव राहतो.

शहाबादी फरशीवर स्टँड डुगडुगतो. पाय घासून घासून बुटके झाले.

घासणं थांबवा. दोष पायांचा नसेल, फरशीचा असेल. जुन्या घरांत एकही शहाबादी दुसरीच्या पातळीत नसते. स्टँड नेहमीच्या जागी ठेवा आणि म्हाताऱ्या माणसांच्या काठीला लावतात ते रबरी बूट चारही पायांना चढवा. जो पाय अधांतरी आहे त्याच्या बुटात सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा आतून टाका. रबरामुळे घसरणंही थांबतं आणि पाय पाण्यात भिजत नाहीत. एकाच भांड्याचा स्टँड असेल तर तीनच पाय द्या. तिपाई कुठल्याही फरशीवर डुगडुगत नाही.

पॉलिश कोणतं लावू? कुत्रा चाटतो म्हणून भीती वाटते.

ही भीती बरोबर आहे, पण तिचं उत्तर बाटलीवरच्या नावापेक्षा वाळण्याच्या वेळेत आहे. पीयू (पॉलीयुरेथेन) किंवा मेलामाइन पॉलिश पूर्ण वाळलं की वर कडक थर बनतो आणि पाणी झेलण्यात त्याला तोड नाही. हाताला कोरडं लागणं आणि आतून वाळणं यांत मात्र बरेच दिवस जातात. महिनाभर स्टँड हवेशीर जागी नुसता ठेवून द्या. नाक लावल्यावर वास येतोय तोवर कुत्र्याला देऊ नका. कुरतडणारा कुत्रा असेल तर हे थर नकोत, पापुद्रे निघून पोटात जातात.

स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख निर्धोक. औषधाच्या गोळ्यांवरही तिचा थर असतो. पण पाण्याचं भांडं जिथे बसणार तिथे ती टिकत नाही, पांढरे ओघळ उठतात. पायांना लावायची तर लावा.

मला स्वतःला अळशीचं, म्हणजे जवसाचं कच्चं तेल आवडतं. घाण्यावरून आणावं, फडक्याने पातळ हात द्यावा, पाव तासाने जादाचं पुसून घ्यावं आणि पूर्ण सुकू द्यावं. असे तीन-चार हात. सुकायला दिवस लागतात, आपल्या कोरड्या हवेत जरा लवकर. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या उकळलेल्या तेलात लवकर सुकावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात, ते या कामाला नको. शेवटी वर मधमाशीच्या मेणाचा हात.

एक धोका कुणी सांगत नाही. जवसाच्या तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकलं तर ते सुकताना आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं. मे महिन्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तर विचारूच नका. वापरलेलं फडकं पाण्यात बुडवा किंवा बाहेर फरशीवर पसरून पूर्ण वाळू द्या, मगच कचऱ्यात टाका.

काहीही लावा, पण दोन जागा विसरू नका. भोकाची आतली कड, कारण तिथे लाकडाचे रेषे उघडे असतात आणि पाणी तिथूनच शोषलं जातं; तिला एक हात जास्त द्या. आणि फळीची खालची बाजू. वरून पॉलिश आणि खालून कोरी फळी हमखास वाकते.

हंगाम म्हणाल तर जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस पॉलिशला उत्तम: हवा कोरडी, ऊन बेताचं. भर पावसात लाखेवर पांढुरकी झाक येते.

घरचं शेंगदाणा तेल लावलं तर?

नको. ते सुकतच नाही, चिकट राहतं, धूळ धरतं आणि महिनाभरात खवट वास मारतं. वर कुत्र्याला स्टँडच खाण्याची वस्तू वाटते. करडईचं तेल सुकतं, पण फार सावकाश. वाळवीसाठी गॅरेजमधलं जळकं ऑइल फासायची पद्धत आहे, ती कुंपणाच्या खांबांपुरती ठेवा.

मुंग्या लागतात. काय करू?

आजीच्या फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असायच्या, तेच इथे करा. चार पसरट वाट्यांत पाणी, त्यात एकेक पाय. पण आधी पायांना रबरी बूट घाला, नाहीतर लाकूड तळातून कुजतं. वाटीतलं पाणी एक दिवसाआड बदला, त्यात डास होतात. मुंग्यांची पावडर किंवा खडू स्टँडच्या आसपास नको.

उन्हाळ्यात पाणी गार राहावं म्हणून मातीचं भांडं बसवता येईल?

मातीचं भांडं गार राहतं ते पाझरतं म्हणून, आणि तोच पाझर दिवसभर लाकडात मुरतो. दोन्हींची सोबत जमत नाही. उन्हाळ्यात मातीचं कुंडं सावलीत जमिनीवर ठेवा, स्टँडवर फक्त जेवण. वीस किलोच्या कुत्र्याला एरवीही दिवसाला साधारण लिटरभर पाणी लागतं, आपल्या ४२-४३ अंशांत त्याहून जास्त. उन्हात राहिलेल्या स्टीलच्या भांड्यातलं पाणी कुत्रा हुंगून परत फिरतो.

बोअरच्या पाण्याने फळीवर पांढरी वर्तुळं उठली आहेत.

क्षार आहेत. लिंबाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, लगेच कोरड्या फडक्याने, आणि मग तेलाचा एक हात. सोलापुरी टॉवेलचा जुना तुकडा भांड्यांच्या मध्ये टाकून ठेवलात तर वर्तुळं होतच नाहीत. भांडी रोज घासायची, स्टँड नुसता पुसायचा. नळाखाली धरायचा नाही.

स्टँड झाला, पण कुत्रा जवळच येत नाही.

पॉलिशचा वास जातोय का बघा. मग रिकामा स्टँड त्याच्या झोपायच्या जागेजवळ ठेवून द्या, त्याला हुंगू द्या. पहिले काही दिवस भांडं स्टँडच्या शेजारी जमिनीवर, मग वर. ओढून आणून तोंड भांड्यात घालू नका. भांडं भोकात खडखडत असेल तर काठाखाली ट्यूबची पातळ चकती बसवा. बऱ्याचदा भीती त्या आवाजाचीच असते.

स्वतः करायला वेळ नाही. सुताराला काय सांगायचं?

भांडी त्याच्या हातात द्या. "आठ इंची भांड्यासाठी कर" असं तोंडी सांगून काम होत नाही, कारण कुणी काठ मोजतो, कुणी तळ. काठापर्यंतची उंची कागदावर लिहून द्या. सनमायका लावू नका, कडा गोल करा, खालूनही पॉलिश करा, ही तीन वाक्यं काम ठरवतानाच बोला. कोरीवकाम आणि नावाची पाटी तो स्वतःहून सुचवेल. नक्षीच्या खाचेत अन्न अडकतं, तेव्हा नको म्हणा.

स्टँडवर काय वाढू नये, हेही सांगा.

हा सुतारकामाचा प्रश्न नाही, पण सोलापुरात विचारला जातोच. दूध-भाकरी किंवा अंडं-भाकरी ठीक. शेंगा चटणी नाही, तिच्यात लसूण असतो. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक. द्राक्षं आणि बेदाणे तर बिलकुल नाहीत, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. द्राक्षबागेत राखणीला असलेल्या कुत्र्यांच्या मालकांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

घरात दोन कुत्री आहेत. दोघांना मिळून एक लांब स्टँड करू?

दोन वेगळे करा, आणि वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवा. शेजारी शेजारी जेवताना एक जण भराभर गिळतो आणि दुसऱ्याच्या भांड्यात तोंड घालतो. शिवाय दोघांची उंची सारखी असेलच असं नाही.

गल्लीतल्या कुत्र्यांसाठी फाटकाबाहेर असाच एक ठेवला तर?

लाकडाचा नको. ऊन-पावसात वर्षभरात फळी उलेल, आणि त्याआधीच कुणीतरी चुलीसाठी उचलून नेईल. बाहेर दगडी डोणी किंवा सिमेंटचं पसरट कुंडं ठेवा, आणि ते रोज घासून भरा.